सूर्यास्तापासून मागे मोजलेली वाट

लाभपंचमीला दुकानांची दारे पुन्हा उघडतात, नव्या चोपड्यांची पहिली पाने भरू लागतात आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. साधु-साध्वींचे विहार सुरू होतात, शत्रुंजयाची यात्रा खुली होते आणि आपल्या घराघरांतून एक जुनी इच्छा नव्याने बोलून दाखवली जाते : "एखाद्या रविवारी गाडी काढून डोंगरात जाऊन येऊ." पावसाळ्यात पायाखाली कोवळे अंकुर आणि सूक्ष्म जीव असतात, म्हणून आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्या काळात सह्याद्रीकडे फिरकत नाहीत. निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा संयम फायद्याचाच आहे. आषाढ-श्रावणात घाटात दरडी कोसळतात, धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि धबधब्यांच्या वळणांवर गर्दी उसळते. कार्तिकी पौर्णिमेपासून मकरसंक्रांतीपर्यंतचे सात-आठ आठवडे मात्र खऱ्या अर्थाने डोंगर पाहण्याचे. आकाश धुतलेले असते, रान अजून पुरते वाळलेले नसते, धरणे काठोकाठ भरलेली असतात.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. डोंगरातल्या सहलीची आखणी आपण निघण्याच्या वेळेपासून पुढे करतो. ती सूर्यास्तापासून मागे करावी.

बँकेत कर्जाचे हप्ते बांधताना आम्ही मुदतीची तारीख आधी लिहीत असू आणि तेथून मागे येत असू. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हुंडीच्या काळापासून त्याच्या रक्तात ते आहे. मग प्रवासाला निघताना हाच माणूस किलोमीटर मोजत का बसतो, याचे मला नवल वाटते.

आमच्या परिचयातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचा मुलगा गेल्या वर्षी मार्गशीर्षात मला भेटायला आला होता. कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाटाने खाली कोकणात आणि गगनबावड्यावरून परत, अशी फेरी त्याने मनात योजली होती.

"साहेब, सगळे मिळून सव्वादोनशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. पुणे यापेक्षा लांब आहे आणि पुण्याला आपण चार तासांत जातो. नाश्ता करून दहाला निघू, चारपर्यंत घरी."

"अरे, पुण्याचा रस्ता आणि हा रस्ता एका मापाने कसा मोजतोस?" मी म्हटले. "आई बरोबर आहेत ना? त्यांचा चौविहार आहे."

"हो, पण सूर्यास्ताच्या कितीतरी आधी पोचणार आम्ही."

ते दहालाही निघाले नाहीत, पावणेअकराला निघाले. जेवायला अडीच वाजले. गगनबावड्याहून कोल्हापूरच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि सूर्य मावळला तेव्हा गाडी कळ्याच्या अलीकडेच होती. मागच्या आसनावर बसलेल्या माउलीने एका शब्दानेही कुणाला जाणवू दिले नाही. डबा मांडीवर होता, पाण्याची बाटली हाताशी होती. पण थांबा म्हणावे तर मुलगा घाईत आणि सूनबाई नातवाला सांभाळण्यात. अडीचला घेतलेल्या घासानंतर दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत सतरा तास, तेही पाण्याच्या थेंबाविना, आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. हे मुलाला कळले ते चार दिवसांनी, आणि तेही नातवाच्या तोंडून.

घरातील वडीलधारी माणसे सहलीत तक्रार करीत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने हिशेब आधी मांडावा लागतो. आता तीच फेरी सूर्यास्तापासून मागे मोजून पाहू.

नोव्हेंबरअखेरीस कोल्हापुरात सूर्य सहाला दोन-तीन मिनिटे कमी असतानाच मावळतो. जूनअखेरीस तो सातनंतर मावळतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्याला तासाभराहून अधिक वेळ कमी मिळतो; उन्हाळ्यातील सहलीचा अंदाज येथे चालत नाही. पावणेसहापर्यंत जेवण आणि पाणी उरकायचे, तर सव्वापाचला पाने मांडली गेली पाहिजेत आणि पाचला गाडी दारात हवी. गगनबावडा ते कोल्हापूर सुमारे पंचावन्न किलोमीटर. गळीत हंगाम चालू असताना त्याला दीड तास धरावा. म्हणजे गगनबावडा साडेतीनला सोडायचा. करुळ घाट चढायला, वाटेत दोन ठिकाणी थांबून पाहण्यासह, सव्वा तास. म्हणून वैभववाडीत सव्वादोनला असावे. त्याआधी नांदगाव तिठ्यापासून मुंबई-गोवा महामार्गाने तळेऱ्यापर्यंत आणि तेथून उजवीकडे वळून वैभववाडीपर्यंत पाऊण-एक तास. दुपारचे जेवण साडेबाराला सुरू झाले पाहिजे. दाजीपूरहून फोंडा घाट उतरून नांदगावला यायला सव्वा तास, म्हणजे दाजीपूर सव्वाअकराला सोडावे. तेथे अर्धा तास, राधानगरीच्या जलाशयापाशी पाऊण तास आणि मधला प्रवास धरला, तर कोल्हापूर सोडण्याची वेळ निघते पावणेआठ.

हे झाले तंतोतंत जुळणारे गणित. बँकेचा माणूस म्हणून मी अशा गणितावर विश्वास ठेवत नाही. टायर पंक्चर होतो, लहान मुलाला वळणांनी मळमळते, कुठे रस्त्याचे काम निघालेले असते. तासाभराची राखीव ठेव बाजूला काढलीच पाहिजे. मग निघण्याची वेळ येते पावणेसात. त्या दिवसांतील सूर्योदय बरोबर तेवढ्यालाच आहे. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे साडेसातच्या थोडी पुढे येते. त्या वेळेस गाडी भोगावतीच्या खोऱ्यात उसाच्या फडांमधून चाललेली असेल. एखाद्या रुंद कडेला गाडी थांबवून खाकरा आणि उकळून गाळून घेतलेले पाणी घ्यावे, आणि पुढे निघावे. घरी नवकारशी पाळून निघण्यात जो तास जातो, तो असा वाटेवर मिळवता येतो.

ही फेरी मी मुद्दाम निवडली, कारण तिच्यात पाण्याची एक सुंदर गोष्ट आहे. जाताना आपण भोगावतीच्या काठाने वर जातो आणि येताना कुंभीच्या खोऱ्यातून खाली येतो. या दोन्ही नद्या कोल्हापूरजवळ कासारी आणि तुळशीसह एकत्र येऊन पंचगंगा होतात. सह्याद्रीची ठेवणच अशी आहे की पूर्वेची बाजू सावकाश उतरत जाते आणि पश्चिमेची एकदम कड्यासारखी तुटते. त्यामुळे कोल्हापूरकडून जाताना आपण चढतो आहोत हे जाणवतही नाही. रस्ता साधाच वाटतो, आणि दाजीपूरच्या पुढे एका वळणावर समोरची जमीन अचानक संपते. खाली कोकण पसरलेले असते. मुलांना भूगोलाच्या पुस्तकात जे चार ओळींत शिकवतात, ते येथे दहा मिनिटांत दिसते.

राधानगरीला थांबावेच. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे धरण हाती घेतले आणि आपली कन्या राधाबाई यांच्या नावाने गाव वसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडणारे सात दरवाजे हे या धरणाचे वैशिष्ट्य. कोल्हापूरच्या बाजारपेठेत गूळ आला, उसाने शेती बदलली, त्या पेठेवर आपल्या कित्येक घरांची दुकाने उभी राहिली. त्या साऱ्याच्या मागे भोगावतीचे हे अडवलेले पाणी आहे. व्यापाऱ्याच्या मुलाने ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते.

पुढचे दाजीपूर हे राधानगरी अभयारण्यात येते. 1958 साली गव्यांसाठी राखलेले हे जंगल राज्यातील पहिले अभयारण्य मानले जाते, आणि 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश आहे. आतल्या जंगलात जायचे असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढावा; या फेरीत त्याला जागा करू नये. एका दिवसात दोन सहली कोंबणारा माणूस शेवटी दोन्हींचे नुकसान करतो.

आता दिशेविषयी. हीच फेरी उलटही करता येते, सकाळी गगनबावड्याने उतरून दुपारी फोंडा घाटाने चढून. तरीही दोन्ही प्रकारांत एक तत्त्व सांभाळले जाते : सकाळी पश्चिमेकडे उतरायचे आणि दुपारी पूर्वेकडे चढायचे. त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य चालकाच्या पाठीशी राहतो. याउलट, दुपारी चारनंतर कोकणात उतरू लागलात, तर प्रत्येक दुसऱ्या वळणावर मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत येते आणि समोरून येणारी मोटारसायकल दिसेनाशी होते. शिवाय घाटाचे कडे पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी ते सावलीत असतात आणि दुपारी उजळून निघतात. म्हणून पाहण्यासाठी थांबायचे ते चढताना, दुपारी. उतरताना चालकाचे सारे लक्ष रस्त्यावर असावे, हेही त्यातून आपोआप साधते. मी गगनबावड्याने परतणे पसंत करतो, कारण करुळ घाटातून वर येताना मागे दिसणारा कोकणचा विस्तार मला फोंडा घाटापेक्षा अधिक मोकळा वाटतो. हा केवळ रुचीचा प्रश्न आहे. मात्र ज्यांना जंगलाच्या सावलीत दुपार घालवायची आहे त्यांनी उलट जाण्यास हरकत नाही. फक्त अभयारण्याचा पट्टा चारच्या आत ओलांडावा.

चारच्या आत असे का, ते थोडे सविस्तर सांगतो. आपल्याकडे ईर्यासमितीची शिकवण आहे. साधू चालताना पुढची चार हात जमीन न्याहाळतात आणि मगच पाऊल टाकतात. गृहस्थाने गाडी चालवताना ती समिती जशीच्या तशी पाळणे शक्य नाही. पण तिच्यामागची जयणा पाळता येते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. रस्त्यावर काही आहे हे दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि गाडी प्रत्यक्ष थांबणे, एवढ्यात जवळजवळ चाळीस मीटर अंतर सहज कापले जाते. खाली वळवलेल्या दिव्यांचा उपयुक्त उजेड साधारण तेवढाच पोचतो; वळणावर तर तो दरीतच पडतो. दिवसभर तापलेल्या डांबरावर संध्याकाळी साप ऊब घेत पडतात. ससा दिव्यांनी दिपून जागीच थबकतो. गव्यासारखे काळे, प्रचंड जनावर अंधारात दहा पावलांवर येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि त्याला धडक बसली तर दोघांपैकी कोणाचेच भले होत नाही. ताटात कंदमूळ येऊ नये म्हणून आपण हॉटेलात तीनदा विचारतो; मग चाकाखाली काय येते याविषयी आपण काहीसे निष्काळजी का असतो, हे मला कधी उमगलेले नाही.

दुसरा धोका घाटात नाही, सपाटीवर आहे, म्हणून तो लक्षात येत नाही. नोव्हेंबरपासून साखर कारखाने चालू असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या या दोन्ही रस्त्यांवर रात्रंदिवस असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी उसाखाली झाकली गेलेली असते. घाट सुखरूप पार करून, आता काय पोचलोच, अशा समाधानात असलेल्या चालकाला हा मागून न दिसणारा ऊस भेटतो. सूर्यास्तापूर्वी घरी पोचण्याचा नियम आपण व्रतासाठी पाळतो, आणि तो पाळणाऱ्याची या संकटातूनही सुटका होते.

गाडी चालवण्याविषयी थोडेच सांगतो; तरुण मंडळींना ते ठाऊक असते, फक्त घाटात आठवत नाही. ज्या गिअरवर चढ चढला असता, त्याच गिअरवर उतार उतरावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही हलका गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरायची हे निघण्याच्या आदल्या दिवशी समजून घ्यावे. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा जिवाशी खेळ आहे. सतत दाबलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ते धरत नाहीत. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय तो कायद्याचाही नियम आहे. मोबाइलची रेंज दाजीपूरपासून फोंड्यापर्यंत आणि करुळ घाटात भरवशाची धरू नये. नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून ती चालकाशेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावीत. नकाशाचे ॲप दोन मिनिटे वाचवण्यासाठी कुठल्यातरी पाणंदीत घालते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

वळणांचा त्रास होणाऱ्यांना पुढे बसवावे आणि मुलांच्या हातातील मोबाइल घाटापुरते काढून घ्यावेत. खाली पाहत राहिले की मळमळ वाढते. लांबवर पाहिले की कमी होते. पोट अगदी रिकामे नसावे, तसेच भरलेलेही नसावे.

जेवणाचा प्रश्न मात्र टाळून चालत नाही. तळकोकणातील खानावळी मासळीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तेथे शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईलच असे नाही. सोलकढी शाकाहारी असली तरी तिच्यात बहुधा लसूण असतो. म्हणून दुपारचे जेवण घरूनच न्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. ठेपले, कोरडी मुगाची उसळ, दही-मेथीची चटणी, केळी. थंडीच्या दिवसांत हे दुपारपर्यंत उत्तम राहते. तळेऱ्याच्या बाजूला कोकमाचे साधे सरबत मिळाले तर जरूर घ्यावे. दुपारच्या डब्याबरोबर संध्याकाळचाही एक छोटा डबा वेगळा बांधावा आणि तो डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा. घड्याळात पाच वाजले आणि घर अजून तासभर लांब असले, तर पुढे रेटायचे नाही. मोकळी, सुरक्षित कड पाहून थांबायचे आणि सगळ्यांनी मिळून जेवायचे. एकट्या आईंना "तुम्ही खाऊन घ्या" म्हणून चालत्या गाडीत डबा हाती देणे हे बरे नव्हे. त्या नको म्हणतील हे ठरलेलेच आहे.

सांगली-मिरज-इचलकरंजीच्या कुटुंबांनी एका दिवसात ही फेरी करण्याचा अट्टहास धरू नये. त्यांनी शनिवारी दुपारी निघून बाहुबलीला यावे. 1963 साली प्रतिष्ठा झालेली अठ्ठावीस फुटी बाहुबलींची मूर्ती तेथे आहे, वर कुंभोजगिरीवर जगवल्लभ पार्श्वनाथांचे दर्शन आहे, धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे; त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची आणि पहाटेच्या पूजेची चिंता उरत नाही. आधी फोन करून खोली आणि पानांची संख्या कळवावी. कोल्हापूर तेथून तासाभराच्या आत आहे, पण तो तास सकाळच्या आखणीत धरावा. म्हणजे आपली राखीव ठेव तेथे खर्ची पडते, आणि राधानगरी किंवा दाजीपूर यांपैकी एकच थांबा ठेवावा लागतो.

पुण्याच्या वाचकांना मी ही फेरी शनिवार-रविवारात सुचवणार नाही. रविवारी संध्याकाळी कोल्हापूरला पोचून पुन्हा रात्री पुण्याकडे निघायचे, हे त्यात येतेच, आणि दिवसभर घाट चालवलेल्या माणसाने रात्री महामार्गावर बसणे मला मान्य नाही. त्यांच्यासाठी वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाटाने मेढा आणि सातारा ही फेरी जवळची. परतताना खंबाटकीपाशी रविवारी संध्याकाळी जी कोंडी होते तिचा विचार करून साताऱ्यातच मुक्काम करावा आणि सोमवारी उजाडताच निघावे. दुकान नऊऐवजी अकराला उघडेल, एवढेच. तीस वर्षे व्यापाऱ्यांची खाती पाहिली आहेत; सोमवारच्या दोन तासांनी कुणाचे खाते थकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या पेठेची साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी आहे ते तर भाग्यवान. त्यांना घाट रिकामे मिळतात.

शेवटची एक चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी करावी : घाट खुला आहे का. रुंदीकरण आणि काँक्रीटीकरणासाठी करुळ घाट अलीकडे दीर्घ काळ बंद होता आणि त्या काळात वाहतूक भुईबावडा घाटातून चालत असे. दोन्ही घाट वर गगनबावड्यालाच येऊन मिळतात. पण भुईबावडा अधिक अरुंद आहे, वळणे तीव्र आहेत. त्या वाटेने यावे लागले तर तळेऱ्याला न वळता महामार्गाने पुढे खारेपाटणपर्यंत जावे आणि तेथून आत वळावे. त्यासाठी पाऊण तास अधिक धरावा, आणि तो दाजीपूरच्या थांब्यातून कमी करावा, संध्याकाळच्या जेवणातून नव्हे.